नावाची ओळख : 'रेन' हे कोणत्या फुलाचं नाव?

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावाकाठच्या गावची. हात कापते म्हणून पुतणी लिहून देते आहे. माझा मुलगा जपानात नोकरीले आहे, सून तिकडचीच. यंदा नातू झाला, त्याचं नाव ठेवलं रेन. गावात सांगितलं तर बाया म्हणतात, हे काहून असं नाव, इंग्रजीतला पाऊस का? मुलगा म्हणतो फुलाचं नाव आहे. सून फोनवर 'हासु, हासु' म्हणते, ते मले समजत नाही. त्यात शेजारच्या पोरानं मोबाईलवर पाहून सांगितलं, की ते फूल तिकडे मयतीत ठेवतात. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आणखी एक. नातवाले आजोबाचं नाव द्यावं अशी माझी लई इच्छा होती. ते आता नाहीत. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पुतणीच लिहिते : पुंडलिक. दिवाळीले सगळे येणार आहेत, तेव्हा बारसं करायचं आहे. पाळण्यात कोणतं नाव घ्यावं?
— एक आजी, नवेगावबांध परिसर

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्या दिवशी हाती असलेलं दुसरं काम बाजूला ठेवून मी आधी तुम्हाला लिहायला बसले.

रेन म्हणजे कमळ. पावसाळ्यात तुमच्या तलावात पानांच्या वर मान काढून जे गुलाबी फूल उभं राहतं, तेच. पाण्याला चिकटून तरंगणारं कुमुद नव्हे, खरं कमळ. इंग्रजीतल्या पावसाशी या नावाचं काही नातं नाही, हे गावातल्या बायांना खुशाल सांगा.

सून 'हासु' म्हणते तेही बरोबर आहे. जपानीत एकाच अक्षराचे बहुधा दोन उच्चार असतात, एक त्यांच्या घरचा आणि दुसरा चीनकडून अक्षरासोबत आलेला. तलावातल्या फुलाला हासु म्हणायचं आणि तेच अक्षर मुलाच्या नावात आलं की रेन वाचायचं. हासु हा 'हाचिसु' या जुन्या शब्दाचा आखूड झालेला उच्चार. हाचिसु म्हणजे मधमाश्यांचं पोळं. पाकळ्या गळून गेल्या की देठावर भोकाभोकांचा हिरवा शंकू उरतो, ज्यातले कमळगट्टे काढून पोरं खातात, तो पाहून कोणा जुन्या जपानी माणसाला पोळं आठवलं असणार. तुमच्या गावची पोरंही त्याला पोळंच म्हणतील.

हे अक्षर लिहितात कसं, ते मी वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपावर आलेल्या एका जपानी पाहुणीकडून पाहिलं होतं. तिनं कुंचल्यानं कागदाच्या वरच्या अंगाला आधी गवताची खूण काढली. वनस्पतींच्या कितीतरी अक्षरांवर ही खूण असते. त्याखाली गाडी. मग डावीकडून सुरू करून गाडीच्या खालून एक लांब रेघ उजवीकडे ओढली, शेवटी जरा दाबली आणि सोडली. तो रस्ता. गाडी आणि रस्ता मिळून 'ओळीनं, एकापाठोपाठ एक' असा अर्थ होतो, आणि 'रेन' हा आवाजही त्याच भागातून येतो. म्हणजे वर गवत, खाली वाटेनं चाललेली गाडी, आणि सगळं मिळून कमळ. एकूण तेरा रेघा. तिकडे काही घरांत आडनावाच्या आणि नावाच्या रेघा मोजून नाव शुभ आहे की नाही ते बघतात, जसं आपण नावरस अक्षर काढतो. तुमच्या सुनेच्या आईनं कदाचित हा हिशेब केलाही असेल, तिला विचारून बघा. दोन विहिणींना बोलायला चांगला विषय आहे.

आता मयतीचं. शेजारच्या मुलानं पाहिलं ते खोटं नाही, पण अर्धंच पाहिलं. जपानात बुद्धाची मूर्ती कमळावर बसलेली असते. घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात सोनेरी मुलाम्याची कमळं ठेवतात, थडग्याच्या दगडाखाली कमळाच्या पाकळ्या कोरतात आणि अंत्यविधीतही कमळ असतं. सुखावती नावाच्या शुद्ध लोकात माणूस कमळात जन्म घेतो, अशी तिथल्या एका मोठ्या पंथाची श्रद्धा आहे. दोन जिवांनी पुढच्या जन्मी एकाच कमळावर बसावं, अशा अर्थाचा एक वाक्प्रचार तिथे आजही चालतो, आणि 'जे होईल ते दोघांचं मिळून' असं म्हणायला तो वापरतात. या सगळ्यामुळे काही जुन्या माणसांना कमळाचं नाव बाळाला द्यायला बरं वाटत नसे, हेही खरं.

पण ताई, आपण काय करतो? माणूस जाताना त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतो. म्हणून मुलीचं नाव तुळसा ठेवायला आपल्या आयाबायांनी कधी मागेपुढे पाहिलं का? माझ्या शाळेच्या हजेरीपटावर तुळसा, तुळशी अशा कितीतरी मुली होत्या. जे पान शेवटच्या घटकेला हाताशी असावं असं वाटतं, ते पवित्रच असतं. कमळाचं तिकडे तसंच आहे.

आणि आताच्या जपानी आईबापांनी तर या प्रश्नाचा निकालच लावून टाकला आहे. मेइजी यासुदा ही तिथली विमा कंपनी दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढते. मुलांच्या नावांत कमळाचं हे एकच अक्षर २०१८, २०१९ आणि २०२१ साली पहिल्या क्रमांकावर होतं. नातू शाळेत जाईल तेव्हा त्याच्या आगेमागे दुसरा रेन सापडायचा. हे नाव अशुभ असतं तर देशभरातल्या आयांनी आपल्या पहिल्यावहिल्या लेकरांना ते दिलं नसतं. त्यांच्या मनात अर्थ आहे तो चिखलाचा. चिखलातून वर येऊनही फुलाला चिखल लागत नाही, हा. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान आहे ना, तोच विचार.

मयतीवरून आठवलं म्हणून सांगते, तिकडे अंत्यविधीत पांढरी शेवंतीही असते. त्यांच्या भाषेत शेवंती म्हणजे किकु. पण सोळा पाकळ्यांची शेवंती हेच तिथल्या राजघराण्याचं चिन्ह आहे, आणि आजीपणजीच्या पिढीत किकु नावाच्या पुष्कळ बायका होत्या. एकच फूल राजाच्या दारावर आणि मयतीतही. फुलांचं असंच असतं.

आता मला ज्यासाठी पत्र लिहावंसं वाटलं, त्या गोष्टीकडे येते.

सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला. त्याआधी चिनी भाषेत ग्रंथांची भाषांतरं झाली होती. त्यांतला एक मोठा ग्रंथ कुमारजीव नावाच्या भिक्खूंनी ४०६ साली चिनीत आणला. जपानी लोक त्याला म्योहो रेंगे क्यो म्हणतात. त्यात 'रेंगे' म्हणजे कमळाचं फूल, आणि त्यातला 'रें' म्हणजे तुमच्या नातवाचं नाव. पुढे तेराव्या शतकात निचिरेन नावाचे एक आचार्य झाले. त्यांच्या नावाचाच अर्थ सूर्य आणि कमळ. या ग्रंथाचं नाव घेणं हीच साधना, असं त्यांनी १२५३ पासून सांगायला सुरुवात केली. 'नम् म्यो हो रेंगे क्यो' हा तो मंत्र.

हा मंत्र विदर्भात रोज म्हटला जातो, आणि आपल्यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो. निचिरेनांच्या परंपरेतले निचिदात्सु फुजी, आपल्याकडे ज्यांना फुजी गुरुजी म्हणतात, ते १९३१ साली भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे सेवाग्रामला त्यांच्या पंथाचे एक जपानी भिक्खू राहत. ते ढोल वाजवत हा मंत्र म्हणत. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारनं त्यांना पकडून नेलं. मंत्र मात्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. आजही सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो ऐकू येतो. माझं माहेर तिकडचंच. जपान कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्या वयात 'रेंगे' हा शब्द माझ्या कानात होता. वर्ध्याच्या गीताई मंदिराजवळचा पांढरा शुभ्र स्तूप १९९३ साली झाला, तोही याच पंथाच्या लोकांच्या श्रमातून. त्याच्या शेजारी त्यांचं एक लहान मंदिर आहे. दिवाळीला सून आली की तिला जरूर तिथे घेऊन जा. मुलाचं नाव ढोलाच्या ठेक्यावर ऐकायला मिळालं तर तिला परकं वाटणार नाही.

त्या ग्रंथाचं मूळ संस्कृत नाव आहे सद्धर्मपुंडरीक. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. कुमारजीवांनी पुंडरीकाच्या जागी कमळफुलाचं जे अक्षर घातलं, तेच जपानात 'रें' झालं. आणि आपल्या विठोबाला विटेवर उभं करणारा भक्त, ज्याला आपण पुंडलिक म्हणतो, त्याचं संस्कृत स्तोत्रांतलं नाव पुंडरीकच आहे. पांडुरंगाष्टकाच्या पहिल्याच श्लोकात 'वरं पुण्डरीकाय दातुं' असं म्हटलं आहे. मराठी तोंडात र चा ल झाला, एवढंच.

म्हणजे ताई, नातवाला आजोबांचंच नाव मिळालं आहे. तुमच्या मुलानं हे जाणून केलं का, ते त्यालाच विचारा. बापाची आठवण ठेवणारी मुलं पुष्कळदा बोलून दाखवत नाहीत. जे नाव तुम्ही सगळा संसार होईपर्यंत तोंडानं घेतलं नाही, ते आता नातवाला हाक मारताना दिवसातून दहा वेळा घेता येईल, आणि कुणी काही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण गावात कुणी छाती फुगवून म्हणेल की कमळ जपानला आपणच पाठवलं. तसं नाही. टोकियोजवळच्या चिबा इथे १९५१ साली इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुन्या दलदलीचा गाळ खणून काढला. शाळेतली मुलंही मदतीला होती. त्या गाळात कमळाच्या तीन बिया मिळाल्या. एक रुजून वाढली आणि जुलै १९५२ मध्ये तिला गुलाबी फूल आलं. ती बी सुमारे दोन हजार वर्षं जुनी ठरली, म्हणजे बौद्ध धर्म तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीची. कमळगट्ट्याचं कवच किती टणक असतं ते तुम्हाला सांगायला नको, दातानं फोडू गेलं तर दातच दुखतो. त्या कवचानंच तो जीव इतकी वर्षं सांभाळला. त्या एका रोपाची वंशावळ आज अनेक तळ्यांत फुलते आणि चिबा शहरानं तेच आपलं फूल मानलं आहे. तेव्हा फूल त्यांचं त्यांच्याकडे होतंच. इथून गेला तो त्याचा अर्थ.

कमळ त्यांच्या ताटातही असतं. चिखलातले कंद ते रेनकोन म्हणून खातात, त्यातही रेन आहेच. नव्या वर्षाच्या जेवणात रेनकोनच्या चकत्या हव्यातच, कारण त्यांच्या भोकांतून पुढचं सगळं आरपार दिसतं असा शकुन मानतात. सून दिवाळीत घरी असेल तेव्हा तलावातले कंद आणवा आणि तिच्या हातानं करवून घ्या.

आता बारसं. तिकडे बाळाच्या जन्माची नोंद चौदा दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे नाव ठरवण्यासाठी मुलगा दिवाळीपर्यंत थांबू शकत नव्हता. ते मनाला लावून घेऊ नका. त्यांच्यातही नावाचा दिवस असतो. सातव्या रात्री नाव कागदावर सुरेख अक्षरात लिहून भिंतीवर लावतात. आपण पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, त्याची मला फार आठवण येते. तो नावाचा कागद त्यांनी जपून ठेवलाच असेल. येताना घेऊन या म्हणावं आणि पाळण्याच्या वर लावा.

पाळण्यात दोन नावं घ्या. आत्यानं कानात आधी 'पुंडलिक' म्हणावं, मग 'रेन'. आपल्याकडे जन्मनाव आणि चालतं नाव अशी दोन नावं घेण्याची रीत आहेच, कुणाला नवल वाटणार नाही. पुतणीला सांगा, पाळण्यात कमळाची पाकळी ठेवायची असेल तर पहाटेच आणून ठेव. दिवाळीपर्यंत फुलं कमी होतात आणि दुपार झाली की ती मिटतात.

उच्चाराची काळजी नको. 'रेन' असाच म्हणा. जपानी र आपल्या र आणि ल यांच्या मधला आहे, त्यामुळे तुमच्या तोंडी थोडा ल आला तरी बाळ ओ देईल. सून त्याला 'रेन-चान' म्हणेल, मोठा झाला की 'रेन-कुन' म्हणतील. चान हे लाडाचं, कुन हे मुलग्यांसाठीचं. ते नावाचा भाग नाही. तुम्ही आपलं 'रेनबाळ' म्हणा, 'रेनबा' म्हणा. नाव तोंडात बसलं की ते आपलंच होतं.

---

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. आमच्या शेतात बाबांनी सूर्यफूल लावलं आहे. जपानी कार्टूनमध्ये हिमावारी नावाची लहान मुलगी असते. मैत्रीण म्हणते त्याचा अर्थ सूर्यफूल. खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगते. हिमावारी म्हणजे सूर्यासोबत फिरणारं. लिहायची तीन अक्षरं मात्र वेगळंच सांगतात : 'सूर्याकडे तोंड केलेलं आओई'. आओई हे जपानमधलं जुनं, मानाचं झाड. क्योतोमध्ये दरवर्षी १५ मे रोजी त्याच्या नावाचा उत्सव होतो, आणि तोकुगावा या सत्ताधारी घराण्याच्या चिन्हात त्याची तीन पानं होती. सूर्यफूल अमेरिका खंडातलं. ते सतराव्या शतकात जपानला पोचलं, आणि त्या नव्या पाहुण्याच्या लिहायच्या नावात आओईचं अक्षर आलं. आओई हे नाव आजही मुलींना आणि मुलांनाही देतात आणि ते खूप आवडतं आहे. हिमावारी त्या मानानं कमी ठेवतात, पण ठेवतात. तो शब्द कानाला लांब वाटतो म्हणून काही घरी नुसतं 'हिमा' म्हणतात.

तुला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. जपानच्या हवामान उपग्रहांचं नावही हिमावारी आहे. १९७७ पासून त्या नावाचे उपग्रह सोडले जातात. ते पृथ्वीसोबत फिरत राहतात आणि सतत तिच्या एकाच बाजूकडे बघतात. वादळाची आणि ढगांची त्यांनी घेतलेली चित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. बाबांना दाखव.

आणि शेतातलं सूर्यफूल नीट बघ. कळी लहान असताना ती सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे वळते. फूल पूर्ण उमललं की फिरणं थांबतं आणि ते पूर्वेकडे तोंड करून राहतं. सकाळी फुलं लवकर तापतात, त्यामुळे मधमाश्याही लवकर येतात आणि दाणा चांगला भरतो. बाबांनी या हंगामात फुलावर औषध फवारायचं ठरवलं असेल तर सकाळी नको म्हणावं, माश्या त्याच वेळी कामावर असतात.

वाचकांना विनंती : नावाचा अर्थ विचारताना ते नाव कुणी ठेवलं आणि घरात ते कसं हाकारतात, तेही कळवा. पुढच्या अंकात 'सुमिरे' आणि आपल्याकडची 'जाई' ही नावं घेते आहे.